चिनी तलवारपट बघायचे कसे: सुरुवात कुठून करायची आणि नक्की बघायचं काय

'क्राउचिंग टायगर, हिडन ड्रॅगन' आपल्यापैकी बऱ्याच जणांनी कधी ना कधी टीव्हीवर अर्धामुर्धा बघितलेला असतो, माणसं छपरांवरून पळायला लागली की घरातलं कोणीतरी "काहीही काय दाखवतात" म्हणतं, चॅनल बदललं जातं आणि विषय तिथेच मिटतो. मला याचं खरंच वाईट वाटतं, कारण या एका पिक्चरच्या मागे हाँगकाँग, तैवान आणि त्याही आधीच्या शांघायमधली सत्तर-पंचाहत्तर वर्षांची परंपरा उभी आहे आणि तिच्यात जगातले काही सगळ्यात देखणे सिनेमे आहेत. या प्रकाराला वूशिया म्हणतात. तलवार चालवणारी, दिलेल्या शब्दाला जागणारी, राजाच्या कायद्यापेक्षा स्वतःचा धर्म मोठा मानणारी माणसं, त्यांच्या या गोष्टी.

हा लेख ज्यांना मनापासून बघायचंय पण सुरुवात कुठून करावी कळत नाही त्यांच्यासाठी आहे. दिलेल्या क्रमाने गेलात तर सोपं पडेल, कारण एका सिनेमात डोळ्याला लागलेली सवय पुढच्यात कामाला येते. आणि एक गोष्ट आत्ताच सांगून ठेवतो, सगळ्या लेखात मी तिच्याकडेच परत परत येणार आहे: मारामारी सुरू झाल्यावर काय होतं यापेक्षा ती सुरू व्हायच्या आधी काय होतं ते बघा. वूशियाची सगळी मजा त्या थांबण्यात आहे.

आधी कुंग फू आणि वूशिया वेगळे करा

आपल्याकडे चिनी मारामारी म्हटलं की ब्रूस ली, जॅकी चॅन. ते कुंग फू सिनेमे. त्यात हात-पाय चालतात, शरीर खरं असतं, लागलं की दुखतं, काळ बहुतेक वेळा अलीकडचा म्हणजे शंभर-दीडशे वर्षांपूर्वीचा किंवा थेट आजचा, आणि कसून सराव करून ताकद कमावण्याला महत्त्व. वूशियामध्ये तलवारी असतात, काळ जुना असतो, मिंग नाहीतर तांग राजघराण्याचा नाहीतर त्याही आधीचा, आणि साधना केलेला माणूस शरीर हलकं करून भिंतीवर, पाण्यावर, बांबूच्या शेंड्यावर पाय ठेवू शकतो हे गृहीतच धरलेलं असतं. या विद्येला चिंगगोंग म्हणतात. ती आहे की नाही यावर सिनेमा वाद घालत बसत नाही, आणि आपणही घालायचा नाही. आपल्या पुराणकथेत कोणी आकाशमार्गे गेलं तर आपण इंजिन कुठंय विचारत नाही ना.

म्हणजे पहिली पायरी एवढीच की "असं होऊ शकतं का" हा प्रश्न दाराबाहेर ठेवायचा आणि त्याऐवजी विचारायचं की हा माणूस आत्ता का उडाला. चांगल्या वूशियात उडण्याला कारण असतं. कोणी पळून जायला उडतं, कोणी समोरच्याला आपली पातळी दाखवायला, कोणाला नुसतं मोकळं व्हायचं असतं.

दोन्ही प्रकारांत माणसं मात्र सारखीच सापडतात बरं का. ब्रूस लीचा 1971 चा 'द बिग बॉस' आठवतो का, त्यातला म्हातारा खलनायक? तो हान यिंगजिए, पेकिंग ऑपेरातून, म्हणजे चीनच्या पारंपरिक संगीत नाटकातून, आलेला कलाकार, त्या सिनेमाचा फाइट मास्टरही तोच होता आणि खाली ज्या दिग्दर्शक किंग हूबद्दल मी भरपूर बोलणार आहे त्याच्या सिनेमांतल्या लढायाही त्यानेच बसवलेल्यात.

मग त्या जगाचे नियम समजून घ्या

वूशियातली माणसं ज्या जगात फिरतात त्याला जियांगहू म्हणतात. नकाशावर ते कुठे नाही. सरकार, दरबार, घरदार यांच्या बाहेर जगणाऱ्यांचं हे जग आहे, त्यात तलवारबाज, भिकारी, भिक्षू, डाकू, भाडोत्री मारेकरी, फिरते वैद्य, खानावळीचे मालक असे सगळे येतात. इथे पोलिसात कोणी जात नाही, इथे हिशोब माणसामाणसात होतो.

नियम थोडेच आहेत पण ते माहीत नसले की पात्रं मूर्खासारखी वागतायत असं वाटतं. गुरू हा बापासारखा, त्याचा खून झाला तर शिष्याला सूड घ्यावाच लागतो, मनात असो नसो. कोणी जीव वाचवला तर ते ऋण फेडल्याशिवाय सुटका नाही, मग वाचवणारा पुढे दुष्ट निघाला तरी गोची कायम. गुरुकुलातल्या मोठ्या-धाकट्याचा मान भावंडांसारखा पाळायचा. लढण्याआधी एका हाताची मूठ दुसऱ्या तळव्याला लावून नमस्कार करतात, तो शत्रूलाही करायचा, आणि तो नमस्कार कोण किती वाकून करतो, कोण मुद्दाम करत नाही, याकडे लक्ष ठेवा, अर्धी गोष्ट तिथेच कळते.

खलनायक म्हणून एक मंडळी सारखी भेटतील, मिंग काळातले दरबारी हिजडे, म्हणजे खच्ची केलेले अधिकारी, आणि त्यांची गुप्त पोलिसांची यंत्रणा, पूर्व कचेरी. ही यंत्रणा इतिहासात खरोखर होती, राजाच्या जवळ असल्यामुळे तिच्यापुढे मोठमोठे मंत्री चळचळा कापायचे. प्रामाणिक मंत्र्याला खोट्या आरोपात मारलं, आता त्याच्या मुलांच्या मागे लागलेत, हे कथानक तुम्हाला दोन-तीनदा तरी दिसेल.

आणि बाईने पुरुषवेश घेतला की तो सगळ्यांना खरा वाटतो, प्रेक्षकाला एका सेकंदात कळलं तरी पडद्यावर कुणाला कळत नाही. हा ऑपेराच्या रंगमंचावरून आलेला संकेत आहे. तो मान्य करून पुढे चला.

कॉपी कोणती, आवाज कोणता

हा भाग कंटाळवाणा वाटेल पण इथे चुकलात तर पुढचं सगळं वाया. हाँगकाँगच्या शॉ ब्रदर्स या स्टुडिओचे जुने सिनेमे रुंद पडद्यासाठी काढलेले होते, 2.35 ला 1 या प्रमाणात, आणि पूर्वी टीव्ही-व्हिडिओसाठी त्यांच्या दोन्ही बाजू सरळ कापल्या जायच्या. डावीकडे हिरो, उजवीकडे सहा मारेकरी आणि मध्ये रिकामी जमीन असा शॉट असेल तर कापलेल्या कॉपीत फक्त रिकामी जमीन नाहीतर नुसता हिरो दिसतो. त्यामुळे चित्र टीव्हीवर वर-खाली काळ्या पट्ट्यांसकट दिसतंय ना ते आधी बघा. शॉच्या साडेसातशेहून जास्त सिनेमांचे हक्क पुढे सेलेस्टियल पिक्चर्सने घेतले आणि 2002 पासून ते स्वच्छ करून बाजारात आणले, त्या कॉपी उत्तम आहेत. किंग हूच्या तैवानमधल्या दोन मोठ्या सिनेमांचंही अलीकडे 4के रिस्टोरेशन झालंय, मिळालं तर तेच बघा.

आवाज मूळ चिनी ठेवा आणि खाली सबटायटल. डबिंगमध्ये संवाद तर बिघडतातच, पण बऱ्याचदा मागचे आवाज आणि संगीतही बदललेलं असतं आणि ते गेलं की जीवच गेला. मूळ आवाजातसुद्धा ओठ आणि शब्द थोडे मागेपुढे वाटतील, कारण तेव्हा सगळा आवाज नंतर स्टुडिओत भरायचे. दहा मिनिटांत सवय होते. मोबाईलवर बघू नका एवढी विनंती, मोबाईलवर दूरच्या डोंगरावरचा माणूस म्हणजे एक ठिपका होतो आणि या सिनेमांत दूरच्या डोंगरावरच्या माणसाला फार किंमत असते. हेडफोन किंवा बरे स्पीकर असले तर सोन्याहून पिवळं.

नावांचा गोंधळ होणार, चिनी नावात आडनाव आधी येतं आणि एकाच माणसाचं नाव मँडरिन या मुख्य चिनी भाषेत एक, हाँगकाँगच्या कँटोनीजमध्ये वेगळं लिहिलेलं असतं. पहिल्यांदा बघताना नाव लक्षात ठेवायच्या भानगडीत पडू नका, कपड्याचा रंग आणि हत्यार लक्षात ठेवा.

पहिला सिनेमा: 'कम ड्रिंक विथ मी', 1966

सुरुवात इथूनच. दीड तासाचा आहे, गोष्ट सरळ आहे आणि आजच्या वूशियाचं व्याकरण बऱ्यापैकी इथे ठरलं. याआधीही असे सिनेमे निघत होते, 1928 साली शांघायच्या मिंगशिंग कंपनीने 'द बर्निंग ऑफ द रेड लोटस टेंपल' काढला तो इतका चालला की तीन वर्षांत अठरा भाग निघाले, मग सरकारने अंधश्रद्धा पसरते म्हणून या प्रकारावर बंदी आणली आणि ते भाग आज कुठेच शिल्लक नाहीत. पुढे हाँगकाँगमध्ये कँटोनीज भाषेत स्वस्तातले तलवारपट निघत राहिले. साठच्या दशकाच्या मध्यात शॉ ब्रदर्सनी ठरवलं की आता नवीन पद्धतीचा, रंगीत, मोठ्या पडद्याचा वूशिया करायचा आणि त्यातून किंग हूचा हा सिनेमा आला.

गोष्ट अशी की डाकूंनी सुभेदाराच्या मुलाला पळवलंय, बदल्यात त्यांना त्यांचा कैदेतला म्होरक्या सोडवून हवाय. मुलाला सोडवायला येते त्याची बहीण, गोल्डन स्वॉलो, पुरुषवेशात. ही भूमिका चेंग पेई-पेईची, तेव्हा ती विशीची होती आणि बॅले शिकलेली होती. किंग हूला मल्ल नको होते, ज्यांच्या अंगात ताल आहे असे लोक हवे होते.

आता तो खानावळीतला प्रसंग. ती येते, टेबलाशी बसते, दारू मागवते. आजूबाजूला गिऱ्हाईक म्हणून बसलेले सगळे डाकू आहेत हे तिला माहीत आहे, तिला माहीत आहे हे डाकूंनाही माहीत आहे, आणि तरी बराच वेळ सगळं सभ्यपणे चाललंय. एकेक जण उठून काहीतरी खोडी काढतो, वस्तू फेकून तिची परीक्षा घेतो, ती जागेवरून जवळजवळ न हलता परतवते आणि परत शांत. हा प्रसंग दोनदा बघा. पहिल्यांदा नुसता. दुसऱ्यांदा तिचे फक्त डोळे बघा, मान न वळवता ती अख्खी खोली मोजत असते. कोण जिन्यावर, कोण दाराशी, कोण मागे. नंतर तलवारी निघतात तेव्हा आपल्यालाही खोलीचा नकाशा पाठ झालेला असतो म्हणून त्या लढाईचा प्रत्येक वार कळतो. मारामारीच्या आधी बघा असं जे मी म्हणतो ते हेच.

सिनेमाचा दुसरा अर्धा भाग पोरांना घेऊन गाणी म्हणत फिरणाऱ्या एका दारुड्या भिकाऱ्याकडे झुकतो आणि माझ्या मते तिथे पहिल्या भागाची धार थोडी कमी होते. गोल्डन स्वॉलो मागे पडते याची चुटपुट लागते. तरीही.

दुसरा टप्पा: किंग हू तैवानमध्ये

या सिनेमानंतर किंग हू शॉ सोडून तैवानला गेला आणि 1967 मध्ये 'ड्रॅगन इन' काढला. परत खानावळ, पण यावेळी वाळवंटासारख्या उजाड सीमेवर. मारल्या गेलेल्या मंत्र्याची मुलं हद्दपारीत या वाटेने जाणार, त्यांना संपवायला पूर्व कचेरीचे लोक आधीच खानावळ ताब्यात घेऊन बसलेत, आणि एकेक करून अनोळखी प्रवासी येत राहतात. कोण कुणाच्या बाजूचा हे कळायला वेळ लागतो आणि तोवर सगळे एकमेकांशी अतिशय गोड बोलतात.

इथे कान उघडे ठेवा. किंग हू पेकिंगमध्ये वाढला, ऑपेरा त्याच्या रक्तात होता, आणि त्याच्या सिनेमात पात्रं चालायला लागली की मागे लाकडी टिपऱ्या आणि झांजांचा ठेका सुरू होतो. कोकणातला दशावतार ज्यांनी रात्र जागून बघितलाय त्यांना हे सगळ्यात लवकर कळेल, तिथे युद्धाला पखवाज आणि झांज असते, तलवार खरंच लागली का असं कुणी विचारत नाही, पावलं आणि ठोका जुळला की काम झालं. तसंच इथे. एखादी पाच मिनिटं डोळे मिटून नुसतं ऐका, कोणी थांबलं, कोणी झेपावलं, कोणी घाबरलं हे आवाजावरून कळतं. किती सिनेमांच्या बाबतीत असं म्हणता येईल?

शेवटची लढाईही नीट बघा. मुख्य खलनायक हिजडा इतका तरबेज आहे की चौघे-पाच जण मिळूनही त्याला पुरे पडत नाहीत. पण त्याला दमा आहे. मग हे लोक त्याच्याभोवती फिरत राहतात, त्याला डिवचतात, खच्ची म्हणून हिणवतात, तो चिडतो आणि धापा टाकायला लागतो. नायकांनी शत्रूच्या व्यंगावर बोट ठेवून जिंकणं हे ऐकायला बरं वाटत नाही आणि बघतानाही वाटत नाही. किंग हूला माणसं एवढी स्वच्छ दाखवायचीच नव्हती असं मला वाटतं, त्या खलनायकाचा श्वास लागतो तेव्हा कॅमेरा त्याच्या बाजूने झुकतो.

मग 'अ टच ऑफ झेन'. 1971 ला पूर्ण झालेला, तीन तासांचा, आणि माझ्या दृष्टीने या सगळ्या प्रकारातलं शिखर. याला 1975 मध्ये फ्रान्समधल्या कान फेस्टिवलमध्ये तांत्रिक कामगिरीचं मोठं पारितोषिक मिळालं आणि पश्चिमेकडच्या लोकांनी वूशियाकडे गंभीरपणे बघायला सुरुवात केली. कापलेल्या छोट्या आवृत्त्याही फिरत असतात, त्या घेऊ नका, पूर्णच बघा. वेळ नसेल तर दोन रात्री करा, मुळात तो दोन भागांतच दाखवला गेला होता.

पहिला तासभर जवळजवळ लढाईच नाही हे आधीच सांगतो म्हणजे अर्ध्यात सोडणार नाही. कोळ्यांची जाळी, धुकं, गवत, पडका किल्ला, तिथे आईबरोबर राहणारा एक गरीब चित्रकार आणि शेजारी राहायला आलेली एक अबोल तरुणी. चित्रकाराची आई लग्नासाठी मागे लागलीय. आपणही त्या चित्रकारासारखेच, काहीतरी चाललंय एवढं कळतं पण काय ते कळत नाही. मग कळतं की ती तरुणी पूर्व कचेरीपासून पळालेली आहे.

यातले दोन प्रसंग थांबून बघावेत असे आहेत. एक अर्थातच बांबूच्या बनातली लढाई. उंच हिरवे बांबू, वरून तिरपा उजेड, आणि ती तरुणी बांबूवर चढत जाऊन वरून सरळ खाली सूर मारते. आता रिमोट घ्या आणि हळू करून बघा, ती पूर्ण झेप तुम्हाला कुठेच सलग दिसणार नाही. किंग हू पायाचा रेटा दाखवतो, मग हवेतला एक तुकडा, क्षणभर, मग जमिनीवर आलेली तलवार. मधलं सगळं आपण भरतो. त्याच्याकडे माणसाला हवेत टांगणाऱ्या वायर फार नव्हत्या, उड्या छोट्या ट्रँपोलिनवरून मारायचे, आणि ते दिसू नये म्हणून शॉट कापता कापता त्याला हे सापडलं की डोळ्याला जेमतेम पुरेल एवढंच दाखवलं की वेग जास्त जाणवतो. पुढच्या प्रत्येक बांबूबनाच्या लढाईमागे हीच उभी आहे.

दुसरा प्रसंग त्या पडक्या किल्ल्यातला. चित्रकाराने डोकं लढवून किल्ला भुताटकीचा आहे अशी अफवा पसरवलीय, बाहुले, घंटा, सापळे लावलेत आणि शत्रूची अख्खी तुकडी रात्रीत गारद झालीय. सकाळी तो एकटा फिरतो आणि आपलीच हुशारी बघून खदाखदा हसतो, हा सापळा कसा चालला, तो बाहुला कसा फसवून गेला. हसत हसत पुढे येतो आणि मग त्याला प्रेतं दिसतात. एक, मग रांगेने कितीतरी, भिक्षू त्यांची व्यवस्था करतायत. हसू थांबतं. आत्तापर्यंत युद्ध म्हणजे बुद्धिबळ समजणाऱ्या माणसाला, आणि त्याच्याबरोबर मजा घेणाऱ्या आपल्यालाही, सिनेमा तिथे अडवतो. त्यानंतर गोष्ट हळूहळू बौद्ध भिक्षूंच्या हातात जाते आणि शेवट असा आहे की तो मी सांगणार नाही, सांगूनही कळणार नाही.

तिसरा टप्पा: हात तुटलेला तलवारबाज

किंग हू एका बाजूला आणि शॉचा दिग्दर्शक चांग चेह दुसऱ्या बाजूला. चांग चेहला पुरुष हवे होते, रक्त हवं होतं, मैत्री आणि मरण हवं होतं. त्याचा 1967 चा 'द वन-आर्म्ड स्वोर्ड्समन' हाँगकाँगमध्ये दहा लाख हाँगकाँग डॉलरची कमाई करणारा पहिला तिथला सिनेमा म्हणून ओळखला जातो. जिमी वांग यूचा फांग गांग हा गुरूच्या घरात वाढलेला नोकराचा मुलगा, गुरूची लाडावलेली मुलगी रागाच्या भरात बर्फात त्याचा उजवा हात तोडते, एक शेतकरी मुलगी त्याला वाचवते. तिच्याकडे वडिलांचं अर्धवट जळालेलं तलवारीचं पुस्तक आहे आणि त्याच्याकडे त्याच्या वडिलांची मोडकी आखूड तलवार.

इथे बघायची ती हत्यारांची रचना. गुरूच्या शत्रूंनी तलवार पकडून ठेवणारा एक चिमटा तयार केलाय, गुरूकुलाची लांब सोनेरी तलवार त्यात अडकली की दुसऱ्या हाताने खंजीर खुपसायचा, एकामागून एक शिष्य असे मरतात. आणि फांग गांगची तलवार मोडकी, आखूड, डाव्या हातातली, ती त्या चिमट्यात येतच नाही. त्याचं जे जे कमी आहे त्यानेच तो जिंकतो. हे कोणी संवादात समजावून सांगत नाही, लढाईतूनच कळतं, आणि चांगला वूशिया असाच असतो, पटकथेतली मुख्य गोष्ट तलवार सांगते. लढाया बसवल्यात लाऊ कार-लेउंग आणि तांग चिया या जोडीने, पैकी लाऊ पुढे स्वतः मोठा दिग्दर्शक झाला.

वेळ असेल तर याच स्टुडिओतला चू युआनचा 1976 चा 'द मॅजिक ब्लेड' लगोलग बघा. गू लाँगच्या कादंबरीवर आहे, सगळं सेटवर, कृत्रिम चंद्र, कागदी फुलं, धूर, आणि कॅमेऱ्यासमोर कायम एखादी फांदी. कथानकात दर दहा मिनिटांनी कोणीतरी फसवतं. ते सगळं समजून घ्यायचा प्रयत्न न करता बघितला तर फार सुंदर आहे.

चौथा टप्पा: वायर, वारा आणि ब्रिजिट लिन

ऐंशीच्या दशकात दिग्दर्शक त्सुई हार्क आला. 1983 च्या 'झू: वॉरियर्स फ्रॉम द मॅजिक माउंटन' साठी त्याने हॉलिवूडमधून स्पेशल इफेक्टची माणसं आणली, ते आज थोडं कच्चं दिसतं पण वेग असा की दम लागतो. 1987 चा 'अ चायनीज घोस्ट स्टोरी' हा जास्त सोपा प्रवेश, भित्रा वसुली कारकून आणि एक भूत मुलगी यांचं प्रेम, मूळ कथा पू साँगलिंगच्या जुन्या भुताखेतांच्या संग्रहातली. 'अ टच ऑफ झेन' चं मूळही त्याच संग्रहात आहे हे गंमतशीर आहे, एकाच झऱ्याचं पाणी पण चव किती वेगळी. घोस्ट स्टोरीचा दिग्दर्शक चिंग सिउ-तुंग. हे नाव ओळखीचं नसेल तरी त्याचं काम तुम्ही बघितलंय, आपल्या 2006 च्या 'क्रिश' च्या मारामाऱ्या त्याने बसवलेल्या आहेत. हृतिक हवेत जसा वळतो, कपडे जसे मागे फडफडतात, ते सगळं हाँगकाँगचं.

त्याचाच 1992 चा 'स्वोर्ड्समन टू' चुकवू नका. जिन याँगच्या कादंबरीवर आहे. अजेय विद्येच्या पोथीत पहिली अट अशी की पुरुषत्व कापून टाकायचं, एक सरदार ते करतो आणि सिनेमाभर हळूहळू स्त्री होत जातो, ही भूमिका ब्रिजिट लिनची. हत्यार काय तर सुई आणि दोरा. जेट ली तिच्या प्रेमात पडतो, ती कोण आहे हे माहीत नसताना. एडिटिंग इतकं वेगवान आहे की पहिल्यांदा बघताना काही प्रसंग निसटणारच, निसटू द्या. जेट लीचं पात्र सारखं म्हणतं की मला जियांगहू सोडून जायचंय, आणि 1997 ला हाँगकाँग चीनकडे जाणार हे ठरलेलं असताना, हजारो लोक कॅनडा-ऑस्ट्रेलियाला निघालेले असताना, थिएटरात बसलेल्यांना ते वाक्य कसं लागलं असेल हे लक्षात घेऊन बघा.

1993 चा 'द ब्राइड विथ व्हाइट हेअर' पण याच सुमाराचा, तोही लिनचाच. आणि 1992 मध्येच 'ड्रॅगन इन' चा नवा अवतार आला, मॅगी चुंग त्यात खानावळीची मालकीण आहे. जुना आणि नवा पाठोपाठ बघितले तर पंचवीस वर्षांत लढाई किती बदलली ते कळतं. जुन्यात माणूस आणि जागा यांतलं अंतर महत्त्वाचं, नव्यात वेग.

पाचवा टप्पा: आता 'क्राउचिंग टायगर' कडे परत या

आता 2000 सालचा आंग लीचा सिनेमा परत लावा, तुम्हाला तो वेगळाच दिसेल. दुष्ट जेड फॉक्स म्हणजे तीच चेंग पेई-पेई, चौतीस वर्षांनंतर. बांबूबन ओळखीचं आहे, पण किंग हूने झेपेचे तुकडे केले होते आणि इथे फाइट मास्टर युएन वू-पिंग पूर्ण तरंगणं एका दमात दाखवतो, कारण आता वायर कॉम्प्युटरवर पुसता येत होत्या. तान दुनचं संगीत, यो-यो माचा चेलो. याला चार ऑस्कर मिळाले.

यातली बांबूपेक्षाही मला आवडणारी लढाई म्हणजे सराव करायच्या दालनातली, शू लिएन (मिशेल यो) आणि तरुण जेन यांची. जेनच्या हातात कुठलंही लोखंड कापणारी ग्रीन डेस्टिनी तलवार आहे, शू लिएनचं प्रत्येक हत्यार तुटतं, ती मांडणीतून दुसरं उचलते, तेही तुटतं, आणि शेवटी तुटक्या तलवारीचा तुकडा ती जेनच्या मानेशी नेऊन थांबवते. मारत नाही. उत्तम हत्यार असून जेन हरलेली आहे हे दोघींना कळतं आणि जेन काय करते तर त्या थांबलेल्या बाईच्या हातावर वार करते. संयम असणं आणि नसणं, दोन पिढ्या, सगळं त्या दोन सेकंदात. मिशेल योला मँडरिन येत नव्हतं, तिने संवाद पाठ करून म्हटलेत, चीनमध्ये काही प्रेक्षकांना तिचे आणि नायक चाऊ युन-फाटचे उच्चार खटकले होते, आपल्याला ते जाणवत नाही.

मग झांग यिमोऊचा 'हीरो', 2002. एकच घटना वेगवेगळ्या पद्धतीने सांगितलीय आणि प्रत्येक सांगण्याचा रंग वेगळा, लाल, निळा, पांढरा, मधे आठवणींचा हिरवा. रंग बदलला की समजायचं की सांगणारा बदलला किंवा खोटं उघडं पडलं. बुद्धिबळाच्या वाड्यात पावसात जेट ली आणि डॉनी येन समोरासमोर डोळे मिटून उभे राहतात, आंधळा वादक तंतुवाद्य वाजवतोय आणि लढाईचा मोठा भाग त्यांच्या मनातच होतो. सिनेमाच्या शेवटाबद्दल माझं मत चांगलं नाही, सम्राटाच्या सत्तेपुढे माणसाने मान तुकवावी असं काहीतरी त्यातून निघतं आणि जियांगहूच्या सगळ्या मूल्यांच्या ते उलट आहे. पण बघायला हवा, नक्की.

सगळ्यात शेवटी

दोन सिनेमे मुद्दाम शेवटी ठेवलेत कारण ते आधी बघितले तर माणूस वैतागतो. वाँग कार-वाईचा 1994 चा 'अ‍ॅशेस ऑफ टाइम', त्याची 2008 ची नव्याने संपादित आवृत्ती मिळाली तर ती घ्या. वाळवंटात राहून मारेकऱ्यांची दलाली करणारा एक कडवट माणूस आणि त्याच्याकडे येणारे, प्रेमात फसलेले लोक. लढाया धूसर, रंगांचे फटकारे फक्त. तलवारबाज लढत नसतो तेव्हा एकटा काय करतो, हे या सिनेमात आहे. कथा एका बैठकीत लागणार नाही, ऋतूंप्रमाणे भाग पाडलेत तेवढा धागा धरून ठेवा.

आणि हौ शिआओ-शिएनचा 2015 चा 'द असॅसिन', कानमध्ये सर्वोत्तम दिग्दर्शकाचं पारितोषिक मिळालेला. तांग काळातली मारेकरी, जिला तिच्या गुरूने तिच्याच मामेभावाला मारायला पाठवलंय. पडद्यांच्या आडून ती तासन्‌तास बघत उभी असते, लढाया येतात आणि दहा-वीस सेकंदात संपतात, मुख्य प्रश्न हा की ती मारेल का. इथवरचे सगळे सिनेमे बघून आलात तर या एका पडद्यामागच्या उभं राहण्यातही तुम्हाला खानावळीतली गोल्डन स्वॉलो दिसेल. पात्रांची नाती फार गुंतागुंतीची आहेत म्हणून हा एकच सिनेमा असा आहे की ज्याचं कथानक आधी वाचून घ्यायला हरकत नाही, उलट वाचाच.

वेग म्हणाल तर आठवड्याला एक पुरे, एका दिवसात तीन बघितले तर सगळ्या खानावळी एकमेकांत मिसळतात. लहान मुलांबरोबर बघायचं असेल तर 'कम ड्रिंक विथ मी' आणि 'ड्रॅगन इन' चालतील, रक्त आहे पण अंगावर येत नाही, चांग चेह मात्र मुलं झोपल्यावर. आणि वाचायची आवड असेल तर जिन याँगच्या 'लेजंड्स ऑफ द काँडोर हीरोज' चा इंग्रजी अनुवाद 2018 पासून खंडाखंडाने निघालाय, पहिल्या खंडाचं नाव 'अ हीरो बॉर्न'. 'अ‍ॅशेस ऑफ टाइम' मधली पात्रं मूळ त्याच कादंबरीतली आहेत, तिथे ती म्हातारी झालेली आहेत, वाँग कार-वाईने त्यांची तरुणपणं स्वतः रचली, त्यामुळे तो सिनेमा दुसऱ्यांदा बघायच्या आधी ती वाचलीत तर जास्त हाती लागेल.